बिनगाठीची लेस



या महिन्यात एकच प्रश्न मला तीन जणांनी विचारला. बाजारात ती इलॅस्टिकची लेस मिळते ना, जी बांधावी लागत नाही, बुटात नुसता पाय घातला की झालं, ती घ्यावी का? विचारणाऱ्यांतले एक आमच्याच कॅम्पातले तरुण ऑफिसर, त्यांना ट्रायथलॉन करायची आहे. दुसरा माझ्या मावसभावाचा मुलगा, कोरेगाव तालुक्यातला, सैन्य आणि पोलीस अशा दोन्ही भरत्यांसाठी रोज पहाटे पळतोय. तिसरे माझ्या पहिल्या पलटणीतले सुभेदार साहेब, निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली. ऑफिसर साहेबांना मी हो म्हणालो, पुतण्याला सरळ नाही म्हणालो, आणि सुभेदार साहेबांना एक जोडी स्वतःच पोस्टाने पाठवून दिली. वस्तू एकच आणि उत्तरं तीन का, हे सगळ्यांनाच सांगावं म्हणून लिहायला बसलो.

सध्या माझी पोस्टिंग कोलकात्यात न्यू टाउनला आहे. युनिटबद्दल नेहमीप्रमाणे काही लिहिणार नाही. जागेबद्दल लिहितो, कारण पळणाऱ्याला जागा महत्त्वाची. राजारहाटच्या भातशेतीवर आणि पाणथळ जमिनीवर उभं राहिलेलं हे नवं शहर. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, चौकावर डोक्यावर कडं घातल्यासारखा उभा असलेला विश्व बांगला गेट, आणि पुढे ४८० एकरांचा इको पार्क. जमीन पोळपाटासारखी सपाट. चढ हवा असेल तर फ्लायओव्हर शोधावा लागतो. जूनमध्ये पाच वाजायच्या आत सूर्य वर येतो आणि सहाला बनियन पिळून घ्यावी लागते. पावसाळ्यात बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लेस म्हणजे ओली वातच. लेसची परीक्षा घ्यायला याहून चांगलं मैदान मला तरी मिळालं नसतं.

आता आधी गाठीबद्दल. कारण इलॅस्टिक लेस मागणाऱ्या दहांतल्या सहा जणांची तक्रार एवढीच असते की लेस सुटते.

आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ हे दोन शब्द लहानपणापासून कानावर असतात. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ म्हणजे नखांनी, सुईने, नाहीतर शेवटी दातांनी सोडवायची. पायजम्याच्या नाडीला घाईच्या वेळी निरगाठ पडली की काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. बुटाची गाठ ही सुरगाठ. ती सुटावी म्हणूनच बांधलेली असते. तेव्हा ती सुटली म्हणून तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. ती लवकर का सुटते, हा खरा प्रश्न.

याचा चक्क अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या तीन इंजिनियरांनी २०१७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो छापला. त्यांच्यातलीच एक जण ट्रेडमिलवर पळाली आणि बाकीच्यांनी तिच्या बुटाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यात दोन गोष्टी दिसल्या. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सातपट धक्का बसतो. त्या प्रत्येक धक्क्याने गाठ ताणली जाते आणि ढिली पडते. त्याच वेळी पाय पुढे-मागे फेकला जात असल्यामुळे लेसची मोकळी टोकं चाबकासारखी हलतात आणि गाठ ओढत राहतात, जणू कुणी अदृश्य हात टोक धरून खेचतोय. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एकदा टोक सरकायला लागलं की दोन-चार पावलांत सगळं मोकळं. म्हणूनच आपण म्हणतो, 'आत्ता तर बघितली होती, बांधलेली होती.'

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. बुटाची गाठ दोन प्रकारे पडते, एक मजबूत आणि एक कच्ची. इंग्रजीत मजबूत गाठीला रीफ नॉट आणि कच्चीला ग्रॅनी नॉट, म्हणजे आजीबाईची गाठ, म्हणतात. (आजीबाईवर हा अन्याय आहे. माझ्या आजीने बांधलेलं गाठोडं सोडवायला दोन माणसं लागायची.) सॅपर पलटणीतल्या माणसाला हा फरक सांगायला नको. तिथे दोर बांधायला शिकवतात तेव्हा उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर, हे डोक्यात पक्कं बसवतात. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं की गाठ कच्ची.

आपली कोणती, हे आत्ता उभ्या उभ्या बघता येतं. बूट बांधा आणि वरून खाली बघा. गाठीचे दोन कान बुटाला आडवे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे पडले असतील, तर गाठ मजबूत. एक कान बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे वळला असेल, तर कच्ची. दुरुस्ती सोपी आहे. सुरुवातीचा पहिला वेढा नेहमीच्या उलट बाजूने घ्यायचा, पुढचं सगळं जसं हात करतात तसंच करायचं. दोन-तीन दिवस हात अडखळतात, मग सवय होते. आमच्या बॅरेकमध्ये एका संध्याकाळी मी बारा जणांच्या गाठी बघितल्या. पाच जणांची कच्ची निघाली, आणि त्यातले तीन जण पळताना दुहेरी गाठ मारणारे होते. पाया कच्चा म्हणून वर मजला चढवलेला.

मजबूत गाठसुद्धा कधीतरी सुटतेच, बर्कलीवाल्यांचंही तेच म्हणणं आहे. पण तिला वेळ लागतो, आणि त्या वेळात आपली दौड पूर्ण होते. मग उरलेली टोकं लेसच्या आडव्या पट्ट्यांखाली खोचली की चाबूकही बंद. एवढं करूनही ज्याची लेस सुटते, त्याने पुढचा परिच्छेद वाचावा.

बिनगाठीच्या लेसचे मी बघितलेले प्रकार तीन. पहिला गोल इलॅस्टिकच्या दोरीचा, वर स्प्रिंगचं बटण, बटण दाबून सरकवायचं आणि सोडलं की ते दोरीला चावून बसतं. ट्रायथलॉनवाले बहुतेक हीच वापरतात. दुसरा प्रकार फुगवट्यांचा. मण्यांची माळ असावी तशी दोरी, ताणली की मणी बारीक होऊन भोकातून जातात, सोडली की फुगून तिथेच अडकतात. याला बटण नाही. तिसरा प्रकार सिलिकॉनच्या सुट्या पट्ट्यांचा, भोकांच्या एकेका जोडीत एकेक पट्टी. तो शाळकरी मुलांच्या आणि फिरायला जाणाऱ्यांच्या बुटात शोभतो. पळण्यासाठी घेऊ नका. पट्टीचा ताण कमी-जास्त करता येत नाही, म्हणजे बूट तुमच्या पायाचा न राहता पट्टीच्या मापाचा होतो.

मी बटणाची घेतली. पहिले पंधरा दिवस डाव्या बुटात इलॅस्टिक आणि उजव्यात साधी सुती-नायलॉनची लेस, असा पळालो. लोक बघायचे. चहावाल्याने एकदा विचारलंही, 'दादा, एकटा फिते हारिये गॅछे?' म्हणजे एक लेस हरवली का. बांगलामध्ये लेसला फिते म्हणतात. आपल्या ग्राउंडवरच्या फीत्याचाच तो भाऊ, त्यामुळे शब्द लगेच लागला.

त्या पंधरा दिवसांत काय दिसलं? सपाट रस्त्यावर, सहा ते आठ किलोमीटरच्या आरामाच्या धावण्यात, डाव्या पायाला सुख होतं. दमट हवेत तासभर पळाल्यावर पाय फुगतो आणि साधी लेस पायाच्या वरच्या बाजूला काचायला लागते. इलॅस्टिक त्या फुगण्याला जागा देतं. पाऊस सुरू झाला तरी बटण जागचं हललं नाही. पण वेग वाढवला, म्हणजे २०० किंवा ४०० मीटरचे तुकडे जोरात मारले, की डावा पाय बुटात किंचित हलल्याचं कळायचं. वळणावर जास्त. फोड आला नाही, पण टाच जागेवर नाही ही जाणीव सुटायची नाही. मग बटण आणखी घट्ट केलं, तर पायाच्या पाठीवर मुंग्या. म्हणजे इलॅस्टिकला घट्ट केलं तरी ते साध्या लेससारखं धरत नाही, नुसतं दाबतं. धरणं आणि दाबणं यातला हा फरक दुकानात उभ्या उभ्या कळत नाही.

जर्मनीतल्या हागेन आणि हेनिग या दोघांनी २००९ मध्ये वीस अनुभवी धावपटूंवर लेस बांधण्याच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या होत्या. कमी भोकांतून, जास्त भोकांतून, ढिली, घट्ट. सातही भोकांतून बांधलेली घट्ट लेस असली की पाय आतल्या बाजूला कलंडण्याचा वेग आणि धक्का चढण्याचा वेग, दोन्ही कमी मिळाले. त्यांनी इलॅस्टिक तपासलं नव्हतं, हे खरं. पण पाय आणि बूट एकजीव झाले तरच बुटाच्या तळाचा उपयोग होतो, हे त्यातून समजतं. आपण हजारो रुपये तळावर घालवतो आणि वर लेस गबाळी बांधतो.

ट्रायथलॉनमध्ये मात्र हिशेब बदलतो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, आणि घड्याळ एकदाही थांबत नाही. पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ आणि सायकलवरून उतरून पळायला लागेपर्यंतचा वेळ, दोन्ही तुमच्याच खात्यात. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २०००च्या सिडनीपासून आहे. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा धावणं. २०२४ला पॅरिसमध्ये पुरुषांच्या शर्यतीत ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स यीने न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला शेवटच्या काही शे मीटरमध्ये गाठलं आणि जिंकला. पावणेदोन तासांच्या शर्यतीत फरक सहा सेकंदांचा. आता ओल्या बोटांनी दोन बुटांच्या लेसा बांधून बघा सहा सेकंदांत. त्या पातळीवर बिनगाठीची लेस ही हौस नाही, गरज आहे.

आपल्या माजी सैनिक वाचकांना हे आवडेल म्हणून सांगतो. ज्या आयर्नमॅनचं नाव आता आपल्या कोल्हापूर-नाशिकच्या डॉक्टर मंडळींच्या तोंडी असतं, ती शर्यत सुरू केली अमेरिकन नौदलातल्या जॉन कॉलिन्स नावाच्या कमांडरने आणि त्याची पत्नी ज्युडी हिने, १९७८ मध्ये हवाईत. तग धरण्यात कोण भारी, पोहणारा, सायकलवाला की पळणारा, या वादातून. पंधरा जणांनी सुरुवात केली, बारा जणांनी पूर्ण केली. आपल्या देशात २०१९च्या ऑक्टोबरात गोव्याच्या मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं. ती जिंकली आपल्या सैन्यातल्या बिश्वोरजित सैखोमने, पावणेपाच तासांच्या आत.

आमच्या ऑफिसर साहेबांसाठी मी कॅम्पाच्या तरणतलावावर एक छोटी चाचणी घेतली. पोहून बाहेर यायचं, ओल्या पायांनी बूट चढवायचे, तयार म्हणायचं. आठ-आठ वेळा. बांधायच्या लेसला तीस ते चाळीस सेकंद लागत होते, बटणाच्या लेसला दहा-बारा. म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांची बचत. पण मला विचाराल, तर सात तासांत शर्यत पूर्ण करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला पंचवीस सेकंदांनी काय फरक पडतो? तेवढे तर पाणी पिताना जातात. खरा फायदा वेगळाच आहे. नव्वद किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर वाकून बुटाला हात लावा. मांडीच्या मागे असा गोळा येतो की माणूस तिथेच आडवा. बोटं थरथरत असतात, हँडल धरून बधिर झालेली असतात, डोकं जागेवर नसतं. त्या क्षणी वाकायचं काम जितकं कमी तितकं बरं. म्हणून मी त्यांना हो म्हणालो. फक्त एक अट घातली, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको, आधी महिनाभर सायकलनंतरच्या सरावात त्याच लेसने पळायचं. ट्रायथलॉनचा बूट वेगळा ठेवता आला तर उत्तम.

आणि गोवा सपाट आहे असं समजूनही जाऊ नका, मिरामारच्या धावण्यात चढ-उतार आहेत.

उताराचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोलकात्यात चालतं ते साताऱ्यात चालेलच असं नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना यवतेश्वरचा घाट माहीत आहे. जाताना चढ छाती फोडतो, पण खरी वाट लागते येताना. दहा किलोमीटर उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा पुढच्या टोकाला आपटतो. नख काळं पडतं, महिन्याने गळतं. तिथे पाय मागे धरून ठेवण्याचं काम लेसचं, आणि तिथे इलॅस्टिक दगा देतं, कारण ताणलं जाणं हा त्याचा स्वभावच. उतारासाठी साधी लेस, आणि धावण्याच्या बुटाला घोट्याजवळ जे एक जादा भोक असतं त्याचा उपयोग करायचा. त्या भोकातून लेस त्याच बाजूला परत घालून एक छोटं कडं करायचं आणि समोरच्या लेसचं टोक त्या कड्यातून ओढून मग गाठ. टाच जागेवर चिकटते. ते भोक शोभेचं आहे असं समजणारे मी खूप बघितले.

बीपीईटीलाही तेच. पाठीवर पूर्ण वजन, हातात हत्यार, पाच किलोमीटर, वर खंदक आणि दोर. घोटा मुरगळायचा तर तिथेच. आणि डीएमएस बुटात इलॅस्टिक घालून फॉलिनला उभं राहायची कल्पना ज्याला सुचेल त्याने आधी आपल्या सुभेदार मेजर साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

आता पुतण्याबद्दल. त्याला नाही म्हणताना मला वाईट वाटलं, कारण पोराने मोबाइलवर व्हिडिओ बघून मोठ्या आशेने विचारलं होतं, 'काका, ह्यानं टायमिंग कमी होईल का?' भरतीला १६०० मीटर. बूट सकाळी एकदा बांधायचा, साडेपाच-सहा मिनिटांत विषय संपला. मध्ये ना पोहणं ना सायकल. वाचवायला वेळच नाही तर लेस काय वाचवणार? उलट १६०० मीटर म्हणजे पूर्ण जोर आणि गोल मैदानावरची वळणं, म्हणजे जिथे पाय घट्ट धरला पाहिजे नेमकं तिथलं काम. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर ९.६९ सेकंदांत मारले तेव्हा त्याच्या एका बुटाची लेस सुटलेली होती, ही गोष्ट मी त्याला सांगितली. लगेच पुढे हेही सांगितलं की ते शंभर मीटर होते आणि तो बोल्ट होता.

रागही आला, पण पोरावर नाही. भरतीच्या पोरांचे व्हिडिओ करणारे काही जण त्यांना काय काय विकतात, ते बघून. आज लेस, उद्या पोटऱ्यांचे मोजे, परवा कसलीशी पावडर. ज्या घरात पोराच्या बुटासाठी आईने बचत गटातून पैसे उचललेत, तिथे तीनशे रुपये म्हणजे पंधरा दिवसांची अंडी आहेत. त्याला म्हटलं, अंडी खा. गाठ आडवी पडते का बघ, टोकं आत खोच, आणि आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे सहा तुकडे मार. त्याने टायमिंग येईल.

सुभेदार साहेबांचं तिसरं उत्तर थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते ही लेस मुळात त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. जाहिरातीत मात्र ती पंचविशीतल्या पोटावर घड्या असलेल्या पोरांच्या पायात दिसते.

साहेब रोज सकाळी सहा किलोमीटर चालायचे. निवृत्तीनंतर एक दिवस खाडा नाही. गेल्या वर्षी कमरेचा त्रास वाढला, मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि वाकायला मनाई केली. रजेवर गेलो तेव्हा भेटायला गेलो, तर साहेब ओसरीत चप्पल घालून बसलेले. चालणं बंद का, विचारलं. आधी म्हणाले पाऊस. मग म्हणाले कुत्री. चहा संपता संपता हळूच म्हणाले, 'आरं, बूट बांधता येत न्हाय मला आता. मग काय रोज सकाळी सूनंला सांगू व्हय, माझ्या बुटाची नाडी बांध म्हणून?'

सहा महिने हा माणूस एका गाठीपायी घरात बसला होता. ज्याने आम्हाला ग्राउंडवर बूट बांधायला शिकवलं तोच. सून चांगली आहे, तिने आनंदाने बांधले असते. पण प्रश्न तिचा नव्हता. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला आपला बूट दुसऱ्याने बांधणं म्हणजे काय वाटतं, ते आपल्याला कळतं. आणि चपलेवर सहा किलोमीटर होत नाहीत, झाले तरी पडायची भीती. चालणं थांबलं की वजन वाढतं, साखर वाढते, कंबर आणखी धरते. हे चक्र मी कितीतरी घरांत बघितलंय. तुमच्याही ओळखीत असेल.

असे लोक खूप आहेत. कुणाची गुडघ्याची वाटी बदललेली, कुणाचे हात कापतात, कुणाला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय आणि एकच हात चालतो. एका हाताने सुरगाठ बांधता येत नाही, करून बघा. पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे. तिथे राहून आलेल्या जवानांना विचारा, बूट स्वतः घालता येणं याची किंमत काय असते ते. एक हात गमावलेल्या माणसाला बटणाची लेस म्हणजे सोय नव्हे, सकाळी कुणाची वाट न बघता बाहेर पडता येणं आहे.

साहेबांना लेस पाठवली तेव्हा फोनवर म्हणाले, 'ही पोरांची फॅशन हाय, लोक हसत्याल.' मी म्हटलं, साहेब, ऑलिम्पिकमध्ये पळणारे हीच वापरतात. ते खोटं नाही. सोबत एक लांब दांड्याचं शूहॉर्न पाठवलं, कारण नुसत्या लेसने काम होत नाही, टाच आत सरकवायलाही वाकावं लागतं. ही गोष्ट लेस विकणारे कुणी सांगत नाहीत.

ज्यांना बसवायची आहे त्यांच्यासाठी आता कामाच्या चार गोष्टी.

लेस ओवताना बूट पायात नको. पण ताण बसवताना पाय बुटात हवा, आणि माणूस उभा हवा. बसून ताण घेतला तर उभं राहिल्यावर वजनाने पाय पसरतो आणि लेस काचते. खालच्या भोकांकडे ढिली, वर घोट्याकडे जरा आवळ. ताण संध्याकाळी बसवा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. बटण इतकंच वर आणा की बुटाची जीभ आणि पाय यांच्यात एक बोट जाईल.

मधुमेह असलेल्यांनी यात जास्त सांभाळावं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर घट्टपणा कळत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात चालून आल्यावर मोजे काढून पायाच्या पाठीवर वळ उठलाय का ते डोळ्यांनी बघायचं, नाहीतर घरच्यांना बघायला सांगायचं.

उरलेली शेपटी कापायची घाई नको. एकदा कापली की लेस परत वाढत नाही. चार-पाच दिवस वापरा, ताण पक्का ठरू दे, तोवर टोकं आडव्या पट्ट्यांखाली खोचा. मग बटणापासून चार बोटं सोडून कापा आणि टोकावर ती सोबत मिळणारी क्लिप बसवा. क्लिप नसेल तर टोक मेणबत्तीवर हलकं वितळवून घ्या, नाहीतर दोरीचे धागे उसवतात.

आणि इलॅस्टिक म्हातारं होतं. सुती लेस तुटायच्या आधी झिजलेली दिसते, इलॅस्टिक वरून चांगलं दिसतं आणि आतून मेलेलं असतं. माझ्या जोडीत इथल्या दमट हवेत पाच महिन्यांत फरक पडला, त्याच खुणेवर बटण असूनही बूट ढिला लागायला लागला. बटणाच्या जागी पेनाने खूण करून ठेवा. खुणेच्या पुढे बटण सरकवावं लागायला लागलं की नवी जोडी घ्या. ओले बूट उन्हात रबर तापेल असे ठेवू नका, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. कोलकात्यात रहायला आलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच पावसाळ्यात शिकावं लागतं, आणि जुनी 'आनंदबाजार' त्यासाठी आमच्या बॅरेकमध्ये आता कुणी रद्दीत देत नाही.